ठिपकीचं घर

एका गावात एक गवंडी राहत होता. नाव सटवाजी. हात असा की त्यानं घोटलेल्या चुन्याच्या भिंतीत तोंड दिसावं. आणि हट्ट असा की एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचा नाही. "मी बांधलेल्या घरात ज्याला सुख लाभलं नाही, असा एक माणूस दाखवा!" असं तो चारचौघांत छातीवर हात मारून सांगायचा. लोक माना डोलवायचे, कारण त्याची घरं होतीच तशी देखणी.

स्वतःचं घर तर त्यानं जीव ओतून बांधलं होतं. एकच गोष्ट होती. त्याची बायको चिमाबाई होती बुटकी आणि सैपाकघरातली फळी होती उंच. लग्न होऊन आली तेव्हा तिनं भीत भीत सांगितलं होतं, "अहो, फळीला हात पुरत नाही माझा."

सटवाजी हसला होता. "फळी तिथंच शोभते. होईल सवय."

तेव्हापासून ती पाटावर पाट रचायची, वर चढायची, टाचा उचलायची आणि मिठाचं मडकं खाली काढायची.

चिमाबाईचा भाऊ लिंबाजी उंटांच्या तांड्याबरोबर दूरदेशी व्यापाराला जायचा. एकदा तो बहिणीकडे आला तो हातात वेताची पेटी घेऊन. पेटीत एक पाल होती. पण कसली पाल! पिवळं अंग, त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके, शेपटी गुबगुबीत. आणि आपल्याकडच्या पाली टक लावून बघत राहतात, तशी ही नव्हती. ही चक्क डोळे मिटायची.

"आक्का, घरात तुला एकटीला करमत नाही म्हणून आणली," लिंबाजी म्हणाला. "गरीब आहे अगदी."

चिमाबाईनं हात पुढे केला. पाल हळूच तळहातावर आली आणि तिथंच डोळे मिटून बसली. चिमाबाईला मूलबाळ नव्हतं. तिचा जीव त्या एवढ्याशा प्राण्यावर तिथंच जडला. तिनं तिचं नाव ठेवलं ठिपकी.

लिंबाजी सांगू लागला, "दाजी, हिला ठेवायचं म्हणजे..."

"थांब!" सटवाजीनं त्याला तोडलंच. "पालीला घर कसं लागतं ते तू मला शिकवणार? अरे, माझ्या भिंतींवर पालींच्या पिढ्या नांदल्या आहेत!"

दाजींपुढे कोण बोलणार? दुसऱ्या दिवशी तो तांड्याबरोबर निघूनही गेला.

सटवाजी कामाला लागला. पाल म्हटली की भिंत हवी, भिंत म्हटली की उंच हवी. त्यानं एक छोटा मनोरा उभारला. आतून पांढराशुभ्र, आरशासारखा गुळगुळीत. वर नक्षीदार सज्जा. सज्ज्यात दिवा, म्हणजे दिव्यावर किडे येतील आणि पाल ते मटकावेल. पाण्याची वाटीही वरच, एका सुबक कोनाड्यात. समोर जाळी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसावं. गाव बघायला लोटलं. "वा सटवाजी, राजवाडाच की!" सटवाजीच्या मिशा वर गेल्या.

ठिपकीला आत सोडलं. तिनं भिंतीला पाय लावला आणि घसरली. पुन्हा लावला, पुन्हा घसरली. मग ती तळाशी कोपऱ्यात गेली आणि अंग चोरून बसली.

"अहो, हिला चढता येत नाही," चिमाबाई म्हणाली.

"पालीला चढता येत नाही? ऐकलंय का कधी? नवं घर आहे. होईल सवय."

सवय काही होईना. किडे वर दिव्याशी नाचायचे, ठिपकी खाली उपाशी. चिमाबाई सरपणातले रातकिडे धरून तिच्यापुढे सोडायची, पण जाळीतून बघणाऱ्यांची गर्दी बघून ठिपकी तोंड उघडायची नाही. तिची गुबगुबीत शेपटी वाळत चालली. कात टाकायची वेळ आली तर ती नीट निघेना, बोटांना चिकटून बसली. चिमाबाईच्या घशाखाली घास उतरेना. सटवाजीनं काय करावं? त्यानं सज्ज्याला सोनेरी रंग दिला!

अशात एके दिवशी गावचे पाटील आले. मनोऱ्याकडे बघतच राहिले. "सटवाजी, हा मला द्या. माझ्या दारात मांडतो."

"पण पाटील, आत पाल आहे ना."

"तिचं काय राहिलंय? दोन दिवसांची सोबतीण ती. मेली की पाठवून द्या. घर असं रिकामंच छान दिसेल."

पाटील गेले. कोपऱ्यात चिमाबाई उभी होती. आजवर तिनं नवऱ्याला कधी उलटून शब्द दिला नव्हता. पण त्या दिवशी तिचे डोळे भरून आले आणि ती स्पष्ट बोलली, "तुमच्या घराचं कौतुक गावभर झालं. माझी ठिपकी मात्र त्यात मरायला टेकली. तुम्ही हे घर तिच्यासाठी बांधलंत की बघणाऱ्यांसाठी?"

सटवाजीचा चेहरा लाल झाला. त्यानं मनोऱ्याकडे बघितलं. खरंच, इतकं सुरेख काम त्याच्या हातून पुन्हा झालं नसतं. पाटलांच्या दारात मांडला असता तर पंचक्रोशीत नाव झालं असतं. आणि तळाशी ते ठिपक्याठिपक्यांचं इवलंसं जनावर जीव मुठीत धरून बसलं होतं.

त्यानं ठिपकीला अलगद उचलून बायकोच्या ओंजळीत दिलं. मग हातोडा घेतला आणि स्वतःचा मनोरा स्वतःच्या हातानं फोडला. फोडताना त्याला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण हात थांबला नाही.

"आता ही जगलीच पाहिजे," तो म्हणाला. हट्टी माणूसच तो! फक्त हट्टाची दिशा बदलली होती.

त्यानं सैपाकघराची दारं लावून घेतली, भोकं बुजवली आणि ठिपकीला जमिनीवर मोकळं सोडलं. स्वतः जमिनीला गाल लावून पालथा पडला. ती कुठं जाते, कुठं थांबते, एवढंच बघायचं. एक शेजारी खिडकीतून डोकावला आणि खो खो हसला. "अरे गवंड्या, पालीच्या शाळेत नाव घातलंस होय?"

"घातलंय," सटवाजी पडल्या पडल्या म्हणाला. "तू जा आता, ती बुजते."

ठिपकी भिंतीकडे फिरकलीसुद्धा नाही. ती सरपटत चुलीमागे गेली. तिथं एक सपाट दगड चुलीच्या धगीनं कोमट झाला होता. त्यावर पोट टेकून ती बसली. बराच वेळ शेकून झाल्यावर उठली आणि लांबच्या कोपऱ्यात एका फुटक्या कौलाखाली गारव्याला शिरली. पुढे तिथूनही निघाली आणि पाण्याच्या माठाखाली, जिथं झिरपून ओल झाली होती, तिथं जाऊन अंग घासू लागली. बोटांवरची कात सैल होऊ लागली.

सटवाजीनं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. हिला उंची नकोच होती. हिला जमीन हवी होती. एकीकडे ऊब, दुसरीकडे गारवा, मधे थोडी ओल, आणि कुणाची नजर पडणार नाही असा आडोसा. सगळं त्याच्या घरात पडलेलंच होतं!

मग त्यानं चुलीमागे नवं घर मांडलं. लांबट, बसकं, कडेला तिला ओलांडता येणार नाही एवढीच भिंत. एका टोकाला तोच कोमट दगड, हात ठेवला तर सोसेल इतपतच ऊन, आणि त्यावर आडोशाला एक कौल. दुसऱ्या टोकाला सावली आणि तिथंही एक कौल. मधे लहानसं मडकं आडवं पुरलं, त्यात ओला काथ्या. पाणी उथळ बशीत. जाळी नाही, रंग नाही, नक्षी नाही. बघायला आलेल्या लोकांनी नाकं मुरडली. "हे कसलं घर? दगडधोंडे मांडलेत नुसते."

रोज सटवाजी पालथा पडून बघायचा. दगड जास्त तापला तर दूर सरकवायचा. काथ्या वाळला तर भिजवायचा. एक कौल तिला अरुंद पडलं, ते बदललं. ठिपकी तरीही खाईना. तरीही त्यानं हट्ट सोडला नाही.

आणि एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, ठिपकी कौलाखालून बाहेर आली. अंगावरची जुनी कात पार गेली होती, ठिपके लखलखत होते. समोर एक रातकिडा होता. तिनं शेपटीचं टोक हलवलं, झेप घेतली आणि गट्ट केला!

"अगं, खाल्ला!" सटवाजी लहान पोरासारखा ओरडला. "चिमे, खाल्ला बघ तिनं!"

चिमाबाईचं उत्तर आलं नाही. त्यानं पडल्या पडल्याच मान वळवली. जमिनीला गाल लावलेला, त्यामुळे त्याला बायकोचे फक्त पाय दिसले. पाटावर रचलेला पाट. त्यावर उचललेल्या टाचा. पाट डगमगत होता आणि वर फळीवरचं मडकं धरायला ती जिवाचा आटापिटा करत होती. मडकं हाती लागेपर्यंत तिला बोलता येत नव्हतं.

सटवाजी बघत राहिला. इतकी वर्षं तो या घरात राहत होता, आणि हे पाय त्यानं आज पहिल्यांदा बघितले. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. होईल सवय.

तो उठला. चुलीतला एक विझलेला कोळसा घेतला.

"इकडं ये. भिंतीशी उभी राहा. हात वर कर."

चिमाबाईनं टाचा उचलून हात ताणला.

"तसा नाही गं. पाय टेकून. सहज जाईल तेवढाच."

तिनं पाय टेकले आणि हात सहज उचलला. तो जिथं पोचला तिथं सटवाजीनं कोळशानं रेघ ओढली. मग वरची फळी काढली आणि त्या रेघेवर ठोकली. वरच्या भिंतीला खळगे पडले, चुना उडाला, शोभा पार गेली.

चिमाबाई हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. "एवढंच तर सांगत होते मी," ती म्हणाली.

"सांगत होतीस. मी ऐकत नव्हतो," सटवाजी म्हणाला.

मग चिमाबाईनं नव्या फळीवरून मिठाचं मडकं घेतलं, भाजीत मीठ घातलं, आणि ते दोन पाट चुलीपुढे शेजारी शेजारी मांडले. एकावर नवरा बसला, दुसऱ्यावर ती.

तात्पर्य: दुसऱ्याला सुख द्यायचं असेल तर आपल्याला काय शोभतं ते बाजूला ठेवावं, त्याला काय लागतं ते वाकून बघावं, आणि ते कळेपर्यंत हट्ट सोडू नये.