फटीतला काथ्या

दर्यात शिडाचीच गलबतं फिरायची, तेव्हाची ही गोष्ट. एका गलबताचा जुना नांगरदोर झिजला, म्हणून भिकाजी सुताराने तो पिंजून त्याचा काथ्या केला, डांबरात बुडवला आणि तळाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत हातोडीने ठोकायला घेतला.

"अहो, किती ठोकता! जीव जातोय माझा," काथ्या कळवळला.

"सोस बाबा. सैल राहिलास तर पहिलीच लाट तुला उपटून नेईल."

शेजारची सागाची फळी फणकारली, "हे काळं केसाळ ध्यान माझ्या अंगाला? शी!"

गलबत निघालं. गलबत हाकणाऱ्या तांडेलाची बायको तान्ह्या लेकीला घेऊन माहेरी चालली होती. तिने तळाशी, त्या फटीवरच, गोधडी घालून बाळाला निजवलं.

खाडीबाहेर वारा उठला. गलबत पिळवटलं, फळ्या सरकल्या आणि पाणी फटीत शिरलं.

"तू तर टाकून दिलेला दोर," पाणी गोड बोललं. "जरा बाजूला हो. तुझं नाव इथे कोण घेणार आहे?"

"नाही घेतलं तर नाही. वर लेकरू निजलंय. तू आत यायचं नाहीस."

पाणी चवताळलं. पण ते जितकं घुसे, तितका काथ्या भिजून फुगे आणि फळ्यांना गच्च धरे.

आता तीच फळी ओरडली, "सोडू नकोस रे दादा!"

"सोडतोय कुठला? तू तुझे खिळे सांभाळ!"

बंदर आलं. आईने बाळाला उचललं, गोधडी चाचपली. ओली होती खरी, पण ती बाळानेच केलेली.