नको म्हणजे नको नव्हे

तापीकाठच्या आमराईत दिवसा पोपटांची शाळा भरायची आणि सांज झाली की खाऊचा बाजार. फांद्याफांद्यांवर इवले इवले कंदील लुकलुकायचे, लाल, पिवळे, मोरपंखी. कढईत केशरी जिलब्या गिरक्या घ्यायच्या, उलट्या खापरावर पांढरेशुभ्र मांडे फुलायचे. आज तर सगळं कसं झगमगत होतं. आणि त्या झगमगाटात कौतिक नावाची एक चिमुरडी रागाने लालबुंद होऊन उभी होती.

राग येईल नाहीतर काय! माय आणि धाकट्या भिकूबरोबर ती पायी मामाच्या गावाला निघाली होती. नदी ओलांडताना भाकरीचं गाठोडं वाहून गेलं. मायचे पाय सुजले. ती आंब्याखाली टेकली आणि म्हणाली, "जा, बाजार पाहून या. पण कुणापाशी मागायचं नाही. कुणी दिलंच, तर आधी नको म्हणायचं."

जिलबीवाल्याने विचारलंही होतं, "घेतेस का गं एक?" भिकूने आ वासला. कौतिक शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "नको." तर त्या मेल्याने खरोखर हात मागे घेतला आणि जिलबी स्वतःच्याच तोंडात कोंबली!

"असं कुणी करतं का?" कौतिक धुसफुसली. भिकूच्या पोटात कावळे ओरडत होते.

तेवढ्यात दुकानामागून बारीकसा आवाज आला, "सोडव ना गं!" फेकलेल्या द्रोणात, पाकात पंख चिकटलेली, बोटाएवढी एक परी पडली होती. कौतिकच्या चंबूत घोटभरच पाणी उरलं होतं. ते तिने परीच्या पंखांवर हळूहळू ओतलं. पंख सुटले आणि त्यांतून गुलाबी, चंदेरी चुरा भुरभुरला. परीच्या मुकुटात तीन चिमुकल्या चांदण्या लुकलुकल्या.

"तीनदा विचारीन," परी म्हणाली. "तोंडून पहिलं निघेल तेच घडेल, परत घेता येणार नाही. बोल, काय देऊ?"

"नको गं, कशाला!" कौतिकच्या तोंडून सवयीने निघालं.

"बरं." एक चांदणी विझली. "आता काय देऊ?"

"अगं, राहू दे!"

"बरं." दुसरीही विझली.

कौतिकचा राग आता मस्तकात गेला. "बरं काय बरं? नको म्हणजे नको नसतं! पुन्हा विचारायचं असतं, घे गं म्हणायचं असतं, शपथ घालायची असते! एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?"

परी बिचारी गोंधळली. "माझ्याकडे सगळे मागतातच. नको म्हणणारी तूच पहिली. पण नियम तो नियम. शेवटचं विचारते, काय देऊ?"

भिकूला जिलबी, असं म्हणायला कौतिकने तोंड उघडलं. इतक्यात तिला समोर बांगड्यांची टोपली घेतलेली म्हातारी दिसली. जिलबीवाल्याने विचारलं, "आजी, खाता का?" जिलबीवर डोळे खिळलेले असूनही ती म्हणाली, "नको रे बाबा." आणि पुन्हा तो हात मागे गेला.

"या बाजारात कुणी एकदाच विचारून हात मागे घ्यायचा नाही!" कौतिक किंचाळली.

तिसरी चांदणी फटकन फुटली आणि तिचा सोनेरी चुरा बाजारभर सांडला. जिलबीवाला दचकला. "आजी, असं कसं? घ्या! माझ्या गळ्याची शपथ!" मांडेवाली कौतिकच्या मायकडे धावली. "ताई, दोन घास खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही!" सगळीकडे एकच गलका उठला, घ्या हो, घ्या ना, एवढं तरी! भिकूच्या दोन्ही गालांत जिलब्या भरल्या.

"तू तर स्वतःसाठी मागितलंच नाहीस," परी म्हणाली.

"सुचलंच नाही, रागात होते ना!" कौतिकने तुपाळ मांड्याचा तुकडा पुढे केला. "घे."

"नको," परी म्हणाली.

"घे गं."

"नको."

"माझी शपथ!"

परीने तो इवला घास खाल्ला आणि खुदकन हसली. आंब्याचं पान न् पान उजळलं, आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

जिलबीवाला कौतिकपुढे येऊन उभा राहिला. "आणखी एक वाढू?"

"नको," कौतिक म्हणाली, आणि द्रोण पुढे धरून वाट पाहू लागली.