कुजलेल्या फळ्यांची होडी

एका खाडीकाठच्या गावात बस्त्याव आणि इनास हे दोन भाऊ होड्या बांधत. आईबाप लवकर गेले होते. थोरल्या बस्त्यावने धाकट्याला हाताला धरून वाढवलं, फादरांच्या देवळात नेलं, रंधा धरायला शिकवलं. गावात एक रीत होती. ज्या घराने होडी बांधली, त्या घरच्या एकाने पहिल्या फेरीला स्वतः तिच्यात बसायचं. म्हणून त्या गावच्या होड्यांवर लोकांचा भरवसा होता.

एकदा रुझार शेठ होडी बांधून घ्यायला आला; गावच्या नावावर ती त्याला चढ्या भावाने विकायची होती. त्याच्याकडे एका मोडलेल्या गलबताच्या फळ्या पडून होत्या. त्याच वापरा, वरून रंग द्या, म्हणाला. बदल्यात विहिरीसकट नारळाची वाडी आणि कौलारू घर द्यायला तयार होता. बस्त्यावने फळीत नख रुतवलं. ते आत गेलं.

"या चुलीत घाला, शेठ."

"तू देवळातच जाऊन राहा, बस्त्याव," शेठ हसून म्हणाला. "तिथलं छप्पर तरी गळत नाही."

ते बोलणं इनासला लागलं. पुढे बस्त्याव महिनाभर परगावी कामाला गेला. इनासने कुणाला न विचारता शेठकडे जाऊन होकार दिला, वाडी-घर नावावर करून घेतलं आणि त्याच फळ्यांची होडी बांधून वरून रंग दिला. परत आलेल्या भावाला त्याने सांगितलं, की शेठने नवा साग आणून दिला.

पहिल्या फेरीच्या सकाळी इनास घाबरला. ताप आलाय म्हणून गोधडी घेऊन पडून राहिला. फेरी पुढे ढकलतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बस्त्यावने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"पडून राहा. पेज चुलीवर आहे. मी बसतो तुझ्याऐवजी."

इनास ताडकन उठून बसला. आता सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर वाडी जाणार, घर जाणार, दादा तोंड बघणार नाही. समुद्र शांत होता. एका फेरीत काय होतंय, असं त्याने मनाला समजावलं.

"फळ्या नव्याच ना रे?" दारातून बस्त्यावने विचारलं.

"नव्याच, दादा."

दुपारी तीन खलाशी पोहत परत आले. बस्त्याव आला नाही. खाडीच्या तोंडाशी होडीत पाणी शिरलं होतं. तिघांनी उड्या मारल्या. बस्त्याव मात्र सदरा काढून भोकावर दाबत बसला. उडी मार म्हणून ते ओरडले, तेव्हा तो म्हणाला, "फळी नवी आहे, इनासने सांगितलंय. फट असेल नुसती. दाबली की बसेल." तेवढ्यात अख्खी फळीच निघाली.

प्रेत किनाऱ्याला लागल्यावर बस्त्यावला मातीत ठेवलं, त्या दिवशी इनासने गावासमोर सगळं कबूल केलं. वाडी परत केली, घर परत केलं. फादर म्हणाले, देव माफ करतो. करतही असेल. पण इनासला माफी मागायची होती ती दादाची, आणि दादा मरताना त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गेला होता.

तात्पर्य: धनासाठी खरेपणा सोडू नये. धन परत करता येतं. त्याच्यापायी गेलेला माणूस कशानेच परत येत नाही, आणि उशिरा बोललेलं खरं त्याच्या काही कामाचं नसतं.