पाच प्रेतं आणि एक हंबरडा

जुन्या राजांची गादी गेली, तेव्हापासून त्यांच्या माणसांनी तीनदा बंड केलं आणि तीनदा मार खाल्ला. या खेपेला नव्या राजाच्या सुभेदाराने पाच प्रेतं आंबेखोलच्या चावडीपुढे आणून मांडली. चेहरे ओळखू येत नव्हते.

"जी रडेल, तिचं घर माणसांसकट जाळा," त्याने शिपायांना बजावलं.

ठकूबाईने तिसऱ्या प्रेताच्या पायाला सहा बोटं पाहिली. तिचाच लेक यसबा. घरी सून दहा दिवसांची बाळंतीण होती. ठकूबाईने पदर तोंडात कोंबला, तरी हंबरडा फुटलाच.

"सापडली! यातला कोण गं तुझा?" सुभेदार गरजला.

ठकूबाईने पाचही प्रेतांची डोकी एकेक करून मांडीवर घेतली. "पाचही, सरकार."

"थट्टा करतेस, थेरडे?"

"थट्टा कसली? नवे राजे साऱ्या रयतेचे बाप, अशी दवंडी परवा तुम्हीच पिटवलीत. बापाची पाच लेकरं गेली, मग साऱ्या गावाला सुतक नको? उलट तुम्हीच अजून जरीचं पागोटं घालून कसे? का दवंडी खोटी होती?"

तोवर गावच्या साऱ्या बाया गळा काढून रडू लागल्या होत्या. राजाची दवंडी शिपायांदेखत खोटी कशी म्हणणार? सुभेदाराने पागोटं उतरवलं.

पाच चिता पेटल्या. सुभेदाराचा तळ मात्र वेशीवरच होता. तो उठेपर्यंत ठकूबाईने रोज सकाळी सुनेच्या कपाळावर आपल्या हाताने कुंकू लावलं.