चकाखालची चुंबळ

“उचलू का, मिस्त्री?”

“कुठं ठेवणार?”

“कुठं म्हंजे? बाकावर.”

“आणि मधे?”

“मधे काय?”

“मधे दम लागला तर?”

हिंदुराव हसला. “मला दम लागत न्हाई.”

मिस्त्रींनी त्याच्याकडं बघितलं. मग पत्र्याकडं बघितलं…

“मग राहू दे,” ते म्हणाले. “दम लागायला लागला की ये.”

मिस्त्री म्हणजे आमचे मालक, माझ्या कुंकवाचे धनी, केरबा. घरामागं परड्यात पत्र्याचं शेड होतं, शेडात लोखंड कातायची दोन लेथ. एक नवं, एक जुनं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. ऐकू तर त्याहून जास्त यायचं, कारण मिस्त्रींना कमी ऐकू यायचं आणि हिंदुराव मुळातच मोठ्यानं बोलायचा.

हिंदुराव चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. तालमीत घुमलेलं अंग. दंड असे की सदऱ्याची बाही उसवायची, आणि ती शिवायची मी. पण हात कसबी. लोखंडावरनं केसभर काढ म्हटलं की केसभरच काढणार.

मिस्त्रींनी त्याला शब्द दिला होता. जुनं लेथ तुझं, गावाकडं घराशेजारी शेड बांध आणि चालव. अट एकच. लेथाच्या तोंडाला चक असतो, काम पकडून गरागरा फिरणारा, वजनाला मणाच्या वर. तो काढून बाकावर ठेवायचा. आवाज न करता.

पहिल्यांदा त्यानं चक छातीशी कवटाळून उचलला. तीन पावलं गेला. चौथ्या पावलाला लोखंडाच्या किसावरनं पाय सरकला…

पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं लांब पडला चक. कोब्यात अर्ध्या चंद्रासारखा खळगा पडला, तो अजून आहे. पत्रा गळला की तिथं पाणी साचतं आणि चिमण्या पितात.

मिस्त्री रागावले नाहीत. संध्याकाळी रोजच्यासारखं म्हणाले, “हात दाखव.”

ही त्यांची रीत. काम सुटलं की त्याची बोटं मोजायची, एकेक धरून.

“दहा. जा घरी.”

हिंदुराव हात पुढं करायचा, पण तोंड दुसरीकडं. एवढा मोठा गडी, त्याला लाज वाटायची.

आणखी एक त्याला खटकायचं. मिस्त्रींना स्वतःला चक काढायचा असला की ते त्याला हातच लावत नसत. स्टुलावर बसायचे आणि हाक मारायचे, “चहा टाक गं.” चहाला उकळी यायच्या आत पलीकडच्या पिठाच्या गिरणीतले दस्तगीरभाई हजर. अंगावर पीठ, भुवया पांढऱ्या. हिंदुराव तेवढ्यात त्यांची गिरणी सांभाळायला जायचा. परत यायचा तेव्हा बशा रिकाम्या असायच्या आणि चक बाकावर असायचा.

“चहा पिऊन चक हलतो व्हय, काकू?” तो मला विचारायचा. “म्हातारपण झाकायच्या तऱ्हा ह्या.”

“त्यांनाच विचार की.”

“विचारलं. म्हणाले, साखर कमी होती.”

तर हे दम लागायचं बोलणं झालं, त्या दिवशी बेंदूर होता, बैलांचा सण. बैलांना सुटी, मिस्त्रींना नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी हिंदुरावाच्या चुलत्याचा ट्रॅक्टर लेथ न्यायला येणार होता. गावात त्यानं सगळ्यांना सांगून टाकलेलं. शेड उभं होतं. आई ते रिकामं शेड रोज झाडून काढते, म्हणायचा.

“मिस्त्री, उद्या ट्रॅक्टर येणार हाय. रिकामा माघारी धाडू?”

“त्याला बी चहा देऊ.”

हिंदुरावानं हातातला पाना बाकावर ठेवला. आपटला नाही, पण ठेवलाही नाही म्हणा.

“चार वर्सं झाली. उचलायचं शिकवा म्हटलं की तुमी प्रश्न इचारता. एकदा शिकवा तरी.”

मिस्त्रींनी पाना उचलून जागेवर ठेवला.

“मला न्हाई येत शिकवायला,” ते म्हणाले. “आत जा. तिला येतंय.”

“कुणाला?”

“तुझ्या काकूला.”

मी खिडकीतून मान आत घेतली.

दारातून वाकून तो आत आला आणि चुलीपुढं उभा राहिला. कानशिलं लाल.

“काकू, मिस्त्री म्हंत्यात, तुमी उचलायचं शिकवा.”

“मी काय शिकवणार, बाबा? पुरणाची डाळ शिजलीया, ती उतरवायचीय.”

“व्हा बाजूला.”

मी खुंटीकडं वळले. तेवढ्यात त्यानं दोन फडकी घेतली आणि तपेलं उचललंसुद्धा. दहा-बारा माणसांच्या पुरणाची डाळ, वर काठोकाठ पाणी. फुलासारखं उचललं, खोटं कशाला बोलू.

मग तो वळला.

आणि थांबला.

ओट्यावर पीठ मळलेली परात. पाटावर मातीची बैलजोडी, पूजा झालेली. मोकळी होती ती भुई, पण तपेल्याचं बूड गोल. नुसतं टेकवलं की कलंडणार, आणि खाली त्याचेच पाय अनवाणी. मागं चुलीवर ठेवावं, तर वरचं तपेलं निघाल्यावर जाळ हातभर वर आलेला.

“काकू… कुठं ठेवू?”

मी खुंटीवरची चुंबळ काढतच होते. पण तेवढ्यात त्याला फडक्यातून धग लागायला लागली होती. बोटं हलवायची सोय नव्हती. कपाळावर घाम, दंडाच्या शिरा दोरीसारख्या.

दारात मिस्त्री. कधी आले, कळलं नाही.

“हिंदुराव,” ते हळूच म्हणाले, “दम लागला का रे?”

“…व्हय.”

“बरं झालं.”

मी चुंबळ त्याच्या पायापुढं टाकली. जुन्या लुगड्याची, वेणीसारखी वळलेली, गोल. तपेलं तिच्यात बसलं. थेंब सांडला नाही.

“हात पाण्यात घाल आधी,” मी म्हटलं.

त्यानं बादलीत हात बुडवले आणि चुंबळीकडं बघत राहिला.

“ही तुमी रोज आधी टाकता?”

“मग? आधी चुंबळ, मग तपेलं. मला कुणी शिकवलं न्हाई बाबा. एकदा भाजलं की येतंय.”

“मिस्त्रींना ठावं होतं, मी असंच उभा ऱ्हाणार म्हणून?”

“त्यांना डाळ शिजल्याचा वास आला असंल. पुरण म्हटलं की कान नसले तरी नाक हाय.”

तो हसला नाही. हात पुसले आणि शेडात गेला. पुरण वाटायचं सोडून मी खिडकीशी.

आधी झाडू घेतला. लेथापासून बाकापर्यंत सगळी वाट झाडली, कीस सगळा कोपऱ्यात लावला. बाकावरची हत्यारं सरकवून तिथं गोणपाट दुमडून घातलं. त्याच्या कडेला दोन ठोकळे, चक घरंगळू नये म्हणून. मग वाटेच्या मधोमध मिस्त्रींचं स्टूल ठेवलं. मिस्त्री मागोमाग येऊन त्याच्यावर बसले होते, त्यांना उठवून.

“ऊठ म्हंतोस?”

“जरा उठा.”

मिस्त्री उठले.

त्यानं चकाच्या खाली लेथावर आडवी जाड फळी सारली, वर ठोकळे घालून चकाला टेका दिला. चकाच्या आरपार लांब दांडा घातला आणि चकाच्या जबड्यात करकचून आवळला. दांडा ओढून बघितला. पुन्हा आवळला. सगळ्यात शेवटी मागचे बोल्ट काढले. चक पुढं सरकून ठोकळ्यांवर गुपचूप बसला, वेताला आलेल्या म्हशीसारखा.

मग तो रिकाम्या हातानं लेथापासून बाकापर्यंत चालून आला. दोनदा.

आणि उभा राहिला.

“उचलत न्हाईस?” मिस्त्री म्हणाले.

हिंदुरावानं दांड्याच्या ह्या टोकाकडं बघितलं. मग त्या टोकाकडं.

“मिस्त्री… एकट्याचं काम न्हाई हे.”

मिस्त्रींनी हात सदऱ्याला पुसले. मला वाटलं, आता धरतात दुसरं टोक. मी खिडकीतून नको म्हणणारच होते, कारण त्यांची कंबर मला माहीत.

ते खिडकीकडं वळले.

“चहा टाक गं.”

मी टाकला. साखर जरा सढळ हातानं घातली. उकळी फुटली आणि परड्याच्या दारात पांढऱ्या भुवया दिसल्या.

“भाभी, सणाचा चहा वाटतं,” दस्तगीरभाई म्हणाले.

तिघांनी चहा प्याला. हिंदुरावानं पहिल्यांदा दस्तगीरभाईंना आपल्या हातानं बशी दिली.

मग दोघांनी दांड्याची दोन टोकं धरली.

“गुडघ्यात वाका, चाचा.”

“तू जन्मायच्या आधीपासून वाकतोय मी.”

चक उचलला गेला. दोघांच्या मधे कावडीसारखा लोंबत निघाला. पाच पावलं… सहा… स्टुलापाशी हिंदुराव थांबला.

“टेकवूया.”

“दमलास?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

“व्हय.”

टेकवला. श्वास घेतला. पुन्हा उचलला, आणि गोणपाटावर ठेवला.

शेडात एवढं शांत झालं की चिमण्या ऐकू आल्या.

मिस्त्री कान पुढं करून उभे होते. मग खिडकीकडं बघून त्यांनी विचारलं, “आवाज आला का गं?”

“न्हाई.”

“नक्की?”

“तुमच्यापेक्षा मला बरं ऐकू येतंय.”

त्यांनी मान डोलावली. “हात दाखव,” म्हणाले.

हिंदुरावानं दोन्ही हात पुढं केले. तळवे लाल होते. ह्या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. मिस्त्रींनी एकेक बोट धरून मोजलं, सावकाश, जणू त्यातलं एखादं नवीन उगवलं असावं.

“दहा.”

हात मात्र सोडले नाहीत.

“म्हंजे लेथ नेऊ उद्या?”

“ने की.”

हिंदुरावाचं तोंड उजळलं, आणि तसंच परत उतरलं. तो दांड्याच्या त्या टोकाकडं बघत होता. दस्तगीरभाई गिरणीकडं निघून गेले होते.

“पर मिस्त्री… गावाकडं त्या शेडात मी एकटाच. तिथं दुसरं टोक कोण धरणार?”

मिस्त्रींनी त्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले…

“तुला चहा करता येतो का रे?”