साळुंकीचं मणभर दूध

कुऱ्हाड अजून जन्मली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानातली साळुंकी ज्याला हवे त्याला शब्द जुळवून द्यायची. मोराचं कौतुक काय, कावळ्याच्या पोरांचे पाळणे काय, सगळंच करायची; पण पदरात पडायचे ते किडके दाणे.

एकदा म्हातारी म्हैस ओढ्याकाठी मेलेली सापडली. साळुंकीने असा विलाप गायला की जिवंतपणी भाकड असलेली ती म्हैस मेल्यावर मणभर दूध देऊ लागली! सगळं रान ढसाढसा रडलं. दुसऱ्या सकाळी घरट्याखाली भरदार कणीस पडलेलं. साळुंकीला वाट सापडली. बाकीची गाणी तिने सोडूनच दिली. मग हरीण गेलं, मेंढी गेली. विलापामागून कणीस यायचंच.

"दुःखातसुद्धा काय दिलदार असतात हो मेलेल्याच्या घरची माणसं!" ती म्हणायची.

एके सकाळी लांडगाच आला. तोंडातलं कणीस त्याने खाली ठेवलं.

"साळुंकीबाई, सशावर एक झकास विलाप हवा."

"अहो, ससा तर तो काय, पलीकडे चरतोय!"

"म्हणून तर आगाऊ आणलंय."

"म्हणजे... आधीची कणसं?"

"माझीच. तुम्ही इतकं छान रडवता, की मेला कसा, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही."

लांडगा निघून गेला. तेवढ्यात ससा टुणटुणत झाडाखाली आला, कणीस बघून थबकला आणि हळहळत म्हणाला,

"अरेरे! साळुंकीताई, आज कोण गेलं गं?"