थंडीचं कडं

"हिवाळ्यात जेवढी अळी होती, तेवढीच आता दिसली पाहिजे! परवा आम्ही जातीनं येऊ. जास्त दिसली, तर कणसवाडीचा उभा मका पेटवून देऊ!"

राजा रणधवलाची ही दवंडी ऐकून गावाच्या तोंडचं पाणी पळालं. भर श्रावण, मका कमरेला लागलेला आणि कोवळ्या पानांच्या पोंग्यापोंग्यात परमुलखातून आलेली ती लष्करी अळी खुशाल चरत बसलेली! धोंडजी शेतकऱ्याच्या लेकीला, येसूला मात्र भीतीपेक्षा रागच जास्त आला. घरात वर्षभर भाकरी होणार ती याच मक्याची. आणि तो पेटवायची अक्कल कोणाची, हेही तिला ठाऊक होतं.

सेनापती झुंजाररावांची! गेल्या पौषात हे महाशय ढोल-नगारे घेऊन बांधाबांधावरून मिरवले होते. कडाक्याच्या गारठ्यानं अळी तशीही रोडावली होती. पण यांनी दरबारात मिशीला पीळ देऊन सांगितलं, "महाराज, शत्रू पळाला!" राजानं खूश होऊन सोन्याचं कडं त्यांच्या हातात चढवलं. आता अळी पुन्हा फोफावली, तेव्हा कडं वाचवायला कोणीतरी गुन्हेगार हवा होता. "गावकऱ्यांनीच शत्रूला आसरा दिला," असं सांगून सेनापती मोकळे झाले.

ठरल्या दिवशी राजा आला. मागे पेटत्या मशाली घेऊन शिपाई. धोंडजी पाया पडला. येसू मात्र पुढं झाली.

"महाराज, व्हईल की अळी कमी! पर हिवाळ्यात ज्यांनी पळवली, त्यांनाच सांगा. आमाला ती इद्या येत न्हाई."

"खरं आहे!" राजा म्हणाला. "झुंजारराव, वाजवा नगारे!"

झुंजाररावांचा चेहरा उतरला. पण करतात काय! ढोल बडवत, चिखलात रुतत सगळी फौज बांधावरून फिरली. बैल बुजले, कावळे उडाले, सेनापतींचा एक जोडा चिखलातच राहिला. राजानं स्वतः एक पोंगा उलगडला. आत गलेलठ्ठ अळी निवांत पान कुरतडत होती.

"ही पळत का नाही?"

"बहिरी असंल," येसू म्हणाली. "जरा जोरात वाजवा!"

दुसरी फेरी झाली. अळी ढिम्म! राजाचा पारा चढला.

"झुंजारराव! पौषात पळाली, मग आज का नाही?"

"महाराज, तेव्हा..." घामाघूम सेनापतींच्या तोंडून निसटलंच, "तेव्हा थंडी होती!"

येसूनं हात जोडले. "मग कडं चुकीच्या हातात गेलं की, महाराज! ते थंडीचं हाय!"

राजानं एकदा अळीकडे पाहिलं, एकदा एक पाय अनवाणी असलेल्या सेनापतीकडे पाहिलं, आणि त्याला जे हसू फुटलं ते थांबेचना!

"विझवा त्या मशाली! आणि झुंजारराव, काढा ते कडं! पोरी, हे आता तुझं. थंडी मागायला आली, तर आमच्याकडे पाठव!" डोळे पुसत त्यानं विचारलं, "आणि या फौजेचं काय करू, तेही सांग."

"मूठ मूठ माती द्या हातात. पोंग्यात माती पडली, की अळीला मानवत न्हाई. सेनापतींना आमच्याच वावरात धाडा. नगारा तेवढा घरी ठिवा म्हनावं, आमचे बैल बुजत्यात!"

राजा पोट धरून हसत सुटला. झुंजारराव एका पायात जोडा घालून मातीची पहिली मूठ उचलत होते.